पायाळूचे वाळे

“घाल लाथ, माझे बाय! जोरात घाल!”

सातगोंडाअण्णा भिंतीकडे तोंड करून जमिनीवर बसले होते. सदरा मानेपर्यंत वर गुंडाळलेला. त्यांच्या उघड्या पाठीमागे गोधडीवर माझी सव्वा वर्षाची भाची मैथिली उताणी पडून लाकडी चमचा चघळत होती. ताईच्या सासूबाईंनी तिला कमरेला धरून पुढे सरकवलं. तिचे तळवे अण्णांच्या पाठीला लागले मात्र, दोन्ही पाय असे काही झाडले गेले की पायांतले चांदीचे वाळे छनछनले आणि अण्णा “आई गं!” करून पुढे कोलमडले.

मग सरळ होऊन म्हणाले, “गेली! उसण गेली बघा, आक्का. फुलावानी हलकं वाटतंय.”

“जाणारच की! पायाळू हाय पोर,” ताईच्या सासूबाई म्हणाल्या. त्यांना घरच काय, सगळी गल्ली आक्काच म्हणायची. “परवा पेठेतनं एकजण रिक्षा करून आलता.”

मी दारात बॅग घेऊन उभी. मला कुणी “ये” म्हणायलाही तयार नव्हतं, इतके सगळे त्या पायांकडे बघत होते.

ही गोष्ट वीसेक वर्षांपूर्वीची, इचलकरंजीतली. पायाकडून जन्मलेल्या पोराची लाथ बसली की पाठीची उसण जाते, हे आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. पण त्याच जन्माच्या ओढाताणीत मैथूच्या पाठीच्या कण्यातली मज्जारज्जूची दोरी दुखावली होती, छातीच्या खाली. हात चांगले, हसणं-रडणं चांगलं, कमरेखाली मात्र तिला काही कळत नव्हतं. दुसऱ्यांच्या पाठी बऱ्या करणाऱ्या पोरीची स्वतःची पाठ अशी. देवालाही कधीकधी भलत्याच वेळी चेष्टा सुचते.

आणि तरी तिचे पाय हलायचे. नुसते हलायचे नाहीत, उडायचे, ताठ व्हायचे, कात्रीसारखे एकमेकांवर चढायचे. सांभाळून मांडीवर बसवावं, तर पाय झाडले जाऊन पोर धनुष्यासारखी मागे पडायची. मिरजेच्या डॉक्टरांनी ताईला स्वच्छ सांगितलं होतं: पाय सैल पडले तर पट्टा बांधून हिला बसवता येईल, असेच आखडत राहिले तर खुबा निखळेल, मग बसणंही गेलं. त्यांनी गोळी दिली होती. ती दुधात उगाळून दिल्यावर थोड्याच दिवसांत पाय गप्प झाले, वाळे गप्प झाले, आणि आक्कांनी घर डोक्यावर घेतलं. “चालती पाय मारून टाकलं की गं डाक्टरानं!” तेव्हापासून गोळ्यांची पाकिटं देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर धूळ खात पडली होती.

म्हणून शैलाताईनं मला फोन करून बोलावलं. मी तेव्हा पुण्यात पीएच.डी. करत होते. विषय होता नुकत्याच जन्मलेल्या उंदरांच्या पाठीच्या कण्यातल्या पेशी, स्नायूंना हुकूम सोडणाऱ्या. घरात मला ‘उंदरांची डॉक्टरीण’ म्हणत, आणि माझ्या लग्नाचा विषय निघाला की बाबा म्हणत, “आधी उंदरांची लग्नं होऊ देत.”

ताईनं स्वयंपाकघरात मला कोपऱ्यात घेतलं. भिंतीपलीकडे दाजींचे यंत्रमाग चालू होते, खडाक्-खट, खडाक्-खट. फरशीवर उभं राहिलं की टाचेतून गुडघ्यापर्यंत मुंग्या यायच्या. त्या घरात सगळे ओरडूनच बोलत, आणि माग बंद असले तरी सवयीनं ओरडूनच बोलत.

“विनू, मला जास्त काही सांगू नकोस,” ताई ओरडली. “एकच सांग. हे पाय ती स्वतः हलवते का?”

“आणि हलवत नसेल तर?”

“तर गोळी देते. मग आक्का काय म्हणायचं ते म्हणू देत. पण ती स्वतः हलवत असेल आणि मी आई असून माझ्या हातानं ते बंद केलं, तर मला नरकात जागा मिळायची नाही.”

मला भीती वाटली, हे खरं. पण खरं सांगायचं तर भीतीपेक्षा कुतूहल जास्त होतं. माझा स्वभावच तसा. लहानपणी घड्याळ उघडून बसायचे, आणि बाबा म्हणायचे, आता हे दिवसातनं दोनदाच बरोबर वेळ दाखवणार. प्रयोगशाळेत मी उंदराची इवली पिल्लं बघत होते. इथे माझ्या स्वतःच्या भाचीचे पाय होते, आणि त्यांना कोण हलवतंय ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

मी आक्कांना विचारलं, “पाय कधी जास्त हलतात?”

“माग चालू असलं की. तालावर नाचती म्हणं पोर! अगं, कोष्ट्याच्या घरची हाय. माग थांबलं की दमती, झोपती. सुट्टीच्या वारी तीबी सुट्टी घेती.”

मला ते ऐकून चटका बसल्यासारखं झालं. मी माग थांबायची वाट बघू लागले.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत माग थांबले. मी म्हटलं, “ताई, परात कुठंय?”

“भूक लागली?”

“नाही गं. आपटायची आहे.”

ताईनं मैथूला पलंगावर मांडीत धरलं, पाय मोकळे सोडून. मी मागे जाऊन परातीवर लाटणं हाणलं. घरभर ठणाणा झाला. मैथूचे हात फाकले, डोळे गच्च मिटले, ओठ थरथरले आणि तिनं भोकाड पसरलं. पाय जिथल्या तिथे. वाळे चिडीचूप.

“काय चाललंय तुमचं?” आक्का धावत आल्या. “पोरीचं काळीज फाडता का?”

“थांबा आक्का, अजून एक.”

मैथू शांत झाल्यावर तिला खाली गोधडीवर ठेवलं. मी वरवंट्याला जाड फडकं गुंडाळलं आणि तिच्या पायांपासून हातभर लांब, तिला दिसणार नाही असा, जमिनीवर दाबून आपटला. आवाज म्हणाल तर नाहीच, नुसता एक दबका धक्का. पाय उडाले! छन्! आणि मैथू? ती तो चमचा चघळत छताकडे बघत होती. कपाळावर आठीसुद्धा नाही. मी पुन्हा आपटला. पुन्हा छन्, आणि पुन्हा तोंडाला पत्ता नाही.

ताई हुशार. बारावीनंतर तिला शिकवली नाही, नाहीतर माझ्याआधी तीच पुण्याला गेली असती. 

“परात हिला ऐकू आली, पायांना नाही,” ती म्हणाली. “आणि वरवंटा पायांना कळला, हिला नाही.”

“हं.”

“म्हणजे मागाच्या तालावर नाचते म्हणतात ते...”

“जमीन नाचवते त्यांना, ताई.”

तिनं पोरीच्या पायातला वाळा बोटानं फिरवून पाहिला. मग एकदम मान वर करून म्हणाली, “उद्या सुट्टी आहे. माग बंद. उद्या सकाळी तिला कुणी हात लावायचा नाही, कुणी पाय आपटून चालायचं नाही. आणि तरीही पाय हलले तर?”

वकीलच व्हायची ही. मी विचार केला. जमीन शांत, कुणाचा स्पर्श नाही, तरी हलले तर मग काय उरतं?

“तर तिचेच म्हणू,” मी म्हणाले.

“शब्द?”

“शब्द.”

संध्याकाळी अजून एक उसणवाली बाई आली. तिच्या पाठीवर लाथ बसली आणि मैथूच्या डाव्या पायातला वाळा निघून घरंगळत पार चुलीपर्यंत गेला. पाय बारीकच होते तिचे. दाजी मागावरून आले, कानांत, केसांत कापसाची पिसं अडकलेली, आणि वाळा उचलून बघत बसले. फार कमी बोलणारा माणूस. ताई सांगायची, मागांच्या त्या गोंगाटातही त्यांना भिंतीपलीकडून हे वाळे ऐकू यायचे म्हणे. मला ते खरं वाटत नव्हतं, पण बापाच्या कानांचं काय सांगावं!

“हुपरीच्या सोनाराकडे नेऊन बारीक करून आणायला पाहिजेत,” ताई म्हणाली.

“तोवर उघडी ठेवायची व्हय पोर?” दाजींनी पकड आणली, वाळा पोरीच्या पायात चढवला आणि त्याची दोन्ही टोकं आवळून एकमेकांवर बसवली. “आता नाही गळायचा.”

दुसऱ्या दिवशी मला जाग आली ती शांततेनं. अख्ख्या गल्लीत एक माग वाजत नव्हता. कुठेतरी कुणीतरी नळाखाली बादली ठेवली, तेसुद्धा ऐकू आलं. आणि त्या शांततेत...

छन्.

मी उठून बसले. छन्. छन्-छन्.

ताई आधीच दारात उभी होती, दोन्ही हातांनी चौकट धरून. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. “कुणी हात लावलेला नाही, विनू. देवाशपथ. मी उठल्यापासून इथंच आहे.”

आक्का आल्या, ऐकलं, आणि आत जाऊन साखरेचा डबा घेऊन आल्या. देवापुढे चिमूट, मग आमच्या सगळ्यांच्या हातावर चिमूट. दाजी दात घासता घासता ब्रश तोंडातच धरून थबकले होते. त्यांनी कधी नव्हे ते माझ्या डोक्यावर हात ठेवला. “तुझ्या पायगुणानं झालं,” म्हणाले. ब्रशमुळे ते “पायगुनानं धालं” असं ऐकू आलं, आणि कुणाला हसूही आलं नाही.

“शब्द दिलायस,” ताई मला म्हणाली.

दिला होता. आणि एक क्षण मलाही वाटलं, होऊ दे. शंभर पुस्तकं खोटी पडू देत, आमची पोर चालू दे. साखर तोंडात विरघळत होती आणि मला खरोखर आनंद झाला होता.

पण ते घड्याळ उघडणारं भूत माझ्या मानगुटीवर कायमचंच बसलेलं. मी गुडघे टेकून गोधडीजवळ गेले. मैथू गाढ झोपली होती. तोंड किंचित उघडं, मूठ गालाखाली. आणि पाय उडत होते.

“ही तर झोपलीय, ताई.”

“मग काय झालं? स्वप्नात चालत असेल.” तिचा आवाज फुटला. “लेकरं स्वप्नात चालत नाहीत का?”

 मी पायांकडे बघत राहिले. छन्. छन्-छन्. आणि मग लक्षात आलं, दर वेळी सुरुवात डावा पाय करत होता. आधी डावा ओढला जायचा, मग त्याच्या मागून उजवा. दर वेळी. काल वरवंट्यानं दोन्ही एकदम उडत होते. जमीन दोन्ही पायांना सारखीच. मग डाव्यालाच हे कोण सांगतंय?

“आक्का, उजेड करा,” मी म्हणाले. “खिडकी उघडा.”

पाय नेहमीसारखे एकावर एक चढलेले. मी ते सावकाश सोडवले. लाकडासारखे ताठ होते, जोर लावावा लागला. डाव्या पायाच्या आतल्या घोट्यापाशी, जिथे उजवा पाय दाबून बसायचा तिथे, वाळ्याचं वळवलेलं टोक मांसात रुतलं होतं. घोटा सुजून वाळ्यावर आला होता. पाऊल गार पडलं होतं आणि बोटं जांभळाच्या रंगाची झाली होती.

 दाजींच्या हातून ब्रश पडला. ते पळत जाऊन तीच पकड घेऊन आले, पण ताईनं ती त्यांच्याकडून काढून घेतली. मी पाय धरला. तिनं वाळ्याचा एक वेढा कापला, टोक मांसातून ओढून बाहेर काढलं. रक्त आलं. एवढं सगळं झालं, आणि मैथू जागी झाली नाही. गालाखालची मूठसुद्धा हलली नाही तिची.

ताईनं तिच्या झोपलेल्या तोंडाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. तिला जे विचारायचं होतं त्याचं उत्तर तिला मिळालं होतं. 

थोड्या वेळात पाऊल गुलाबी झालं. आणि पाय थांबले. त्या सुट्टीच्या शांततेत मग काहीच वाजलं नाही.

गल्लीच्या तोंडाशी दवाखाना होता. डॉक्टरांनी जखम धुतली, पट्टी बांधली, आणि म्हणाले, “संध्याकाळपर्यंत राहिलं असतं तर पाऊल गेलं असतं. कुणाच्या लक्षात आलं?” दाजी कोपऱ्यात तोंड फिरवून रडत होते. “मीच आवळलं. माझ्याच हातानं आवळलं.” आक्का त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या आणि स्वतःच्या कपाळावर दुसरा हात मारून घेत होत्या.

परत आल्यावर ताई आणि मी मागांच्या शेडमध्ये जाऊन बसलो. बंद माग, वर ताणलेलं अर्धं विणलेलं कापड. तिथे पहिल्यांदाच आम्ही हळू आवाजात बोललो.

“म्हणजे पाय सांगत होते,” ताई म्हणाली. “आणि आम्ही साखर वाटली.”

“बोंबलत होते. पण त्यांची बोंब वर तिच्यापर्यंत पोचत नाही.”

“तुझ्या उंदरांचं काय असतं? सांग की. आता ऐकते.”

मग मी तिला सांगितलं, जे मला सगळ्यांत नवलाचं वाटतं ते. म्हटलं, नुकत्याच जन्मलेल्या जिवाच्या कण्यात शिस्तच नसते. एक पेशी दुसरीला ‘थांब’ म्हणते, आणि ती थांबायच्या ऐवजी उलट उठून बसते. कारण त्या पेशीत अजून मिठाचा एक अंश साठलेला असतो, तो बाहेर टाकायची सोय झालेली नसते. हळूहळू ती सोय होते, आणि मग ‘थांब’ म्हटलं की पेशी खरंच थांबायला लागते.

“आपोआप होते?”

“तेच तर! वरून मेंदूचे निरोप येत राहावे लागतात. पिल्लाची दोरी जन्मतःच तुटली की ती सोय कच्चीच राहते. खाली ‘थांब’ म्हणणारे असतात, ताई. पण त्यांच्या म्हणण्यात दम येत नाही. मग जमीन हलली तरी पाय उडतो, पाठ लागली तरी उडतो.”

ताई मागाच्या धोट्यावरून बोट फिरवत होती. “वडीलधारं माणूस घरात नसलं की पोरं कुणाचं ऐकत नाहीत, तसं.”

“तसंच म्हण.”

“आणि ती गोळी?”

“ती ‘थांब’ जरा मोठ्यानं म्हणते. दोरी नाही जोडत. त्यातून ती चालायची नाही, ताई. खोटं नाही सांगत. पण पाय मागे ओढायचे थांबले तर बसेल.”

“आणि पाय गप्प झाल्यावर त्यांना काही टोचलं, भाजलं तर? मग कोण सांगणार?”

 उत्तर मागून आलं. आक्का दारात उभ्या होत्या, किती वेळ कोण जाणे.

“मी हाय की,” त्या म्हणाल्या. “रोज आंघूळ घालताना बोटन्‌बोट बघीन. आजवर कान लावून बसलो, आता डोळं लावून बसू. दे ती गोळी, शैला. दूध मी आणतो.”

कोल्हापूरकडच्या बायका ‘आणतो’ म्हणतात ते मला नेहमी आवडायचं, पण त्या दिवशी त्यात मला आक्कांचा सगळा धीर दिसला. फळीवरची धूळ झटकून पाकीट त्यांनीच खाली काढलं.

दोन-अडीच महिन्यांनी मी पुन्हा गेले. मुद्दामच सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी; माग सुरू झाल्यावर पाय काय करतात ते बघायचं होतं. दारातच सातगोंडाअण्णा कमरेवर हात ठेवून उभे.

“आक्का, एकच लाथ! कालपास्नं ताठलोय.”

“लाथ बंद झाली, अण्णा,” आतून आवाज आला. “यष्टी स्टँडाजवळ हाडाचा डाक्टर हाय, तिकडं जावा.”

“त्यो पैसं घेतोय की!”

आत गेले आणि जागीच थांबले. दाजींनी सुताच्या कांड्या ठेवायच्या खोक्याला पाठ आणि हात लावून खुर्ची केली होती, आत गोधडीची घडी, छातीशी रुंद पट्टा. आणि त्यात मैथू बसली होती. बसली होती! पाय खाली सैल सोडलेले, मोज्यांत. जन्मापासून जिला छत आणि आमची वाकलेली तोंडं एवढंच दिसत होतं, ती आता समोर बघत होती. दार, रस्ता, कुत्रं, मी. किती बघू आणि किती नको, असं झालं होतं तिला.

“त्या वाळ्याचं काय केलंत?” मी ताईला विचारलं. उगीचच, काहीतरी बोलायचं म्हणून. 

“दोन्ही हुपरीला दिले होते. सोनाराकडून नवे करून घेतले. बघ की.”

तेवढ्यात लाइट आली आणि भिंतीपलीकडे पहिला माग सुरू झाला. खडाक्-खट. मग दुसरा, मग सगळे. फरशी थरथरू लागली. आणि आम्ही सगळ्यांनी, आक्कांनी, ताईनं, दारातल्या अण्णांनी, मीसुद्धा, जुन्या सवयीनं एकदम तिच्या पायांकडे पाहिलं.

पाय स्वस्थ होते.

  ताईनं पदराचं टोक मुठीत धरलं होतं.

छन्.

मैथूनं आम्हा सगळ्यांच्या तोंडांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग उजवा हात उचलला आणि खुर्चीच्या फळीवर आपटला. छन्! हुपरीच्या सोनारानं वाळ्यांच्या मनगट्या केल्या होत्या. आम्ही हाताकडे पाहतोय म्हटल्यावर तिला गंमत वाटली. हात वर धरून ती थांबली, चांगली मुद्दाम थांबली, आम्हाला ताटकळत ठेवलं, आणि मग पुन्हा आपटला.

भिंतीपलीकडचा एक माग बंद झाला. दाजी दारात येऊन उभे राहिले, केसांत कापूस. त्यांना ऐकू आलं होतं.

ताई माझ्याजवळ सरकली. मागांच्या आवाजात तिला ओरडावं लागलं. “विनू, एकच सांग. हे ती स्वतः हलवते का?”

“हो,” मी ओरडले. “स्वतः.”